ही अठ्ठेचाळीस मिनिटं कुणाची?

नोकरी करणाऱ्या बाईने व्यायाम कधी करायचा, या प्रश्नाला आजकाल उत्तरांचा तोटा नाही. पहाटे पाचला उठा, लिफ्ट सोडून जिना चढा, एक स्टॉप आधी उतरून चालत जा, फोनवर बोलताना घरातल्या घरात फेऱ्या मारा. यातलं काहीच चुकीचं नाही. पण ही उत्तरं देणाऱ्यांना बाईचा दिवस म्हणजे तिचं साड्यांचं कपाट वाटतं. नीट घड्या घालून लावलं की एक खण आपोआप रिकामा होईल, अशी त्यांची समजूत. कपाट निदान तिच्या एकटीचं असतं. दिवसाचं तसं नाही. त्यातल्या प्रत्येक तासावर कुणाचं ना कुणाचं नाव आधीच घातलेलं असतं, आणि अर्धा तास हवा असेल तर तो कुणाच्या तरी नावावरून आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. हे काम वेळापत्रकाचं नाही. म्हणून मला ते लिहायच्या योग्यतेचं वाटतं.

आम्ही राहतो भैरवगढला. उज्जैनच्या उत्तरेला, क्षिप्रेच्या काठावरची ही वस्ती. बाहेरच्यांना ती तीन गोष्टींमुळे माहीत असते : काळभैरवाचं देऊळ, मध्यवर्ती जेल आणि छापाचं कापड. माझं माहेर नगरचं. मराठी घेऊन बी. ए. झाले आणि बाविसाव्या वर्षी या माळव्यात आले. घरात मारवाडी-हिंदी, गल्लीत माळवी, आणि मराठी तेवढी माझ्या वहीत. शिंद्यांच्या राज्यामुळे उज्जैन शहरात मराठी घरं पुष्कळ आहेत, पण आमच्या बाजूला मराठी ऐकायची तर ती देवळात आलेल्या यात्रेकरूंच्या तोंडून.

माझी सून फ्रीगंजमधल्या एका बँकेत आहे. वय छत्तीस. साडेपाचला उठते. दूध, पाणी भरणं, नात उठवणं, तीन डबे, सव्वासातला शाळेची व्हॅन, मग स्वतःची आंघोळ, पूजा, सव्वानवाला स्कूटर. संध्याकाळी यायला पावणेसात. हिवाळ्यात आमच्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो, तेव्हा जिला रात्री जेवायचं नाही ती संध्याकाळचा डबाही सकाळीच करून नेते आणि बँकेतच, काउंटर बंद झाल्यावर, कॉम्प्युटरसमोर चार घास खाते. म्हणजे डबे चार. गेल्या वर्षी तपासणीत साखर काठावर निघाली. तिच्या आईला मधुमेह आहे, त्यामुळे डॉक्टरांनी गोळी न देता सांगितलं, रोज अर्धा तास भरभर चाला आणि आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम करा. वर्षभराने पाहू.

घरात कुणी नाही म्हटलं नाही. आपल्या घरांत ‘नाही’ असं फारसं कुणी म्हणतच नाही. पहिल्या आठवड्यात ती सहाला चालायला गेली तेव्हा एवढंच झालं की नातीची वेणी राहिली, एक दिवस भाजीत मीठ राहिलं, आणि एका पाहुण्या नातेवाईक बाईंनी सहज म्हटलं, ‘‘नौकरी भी करे, और घूमने भी जाए.’’ त्या वाक्यात वाईट शब्द एकही नाही. पण ‘भी’ दोनदा आला होता. तिसऱ्या आठवड्यात तिचं चालणं बंद पडलं. कुणी बंद केलं असं बोट दाखवता येत नाही.

आता हीच सून चातुर्मासात रोज सकाळी सामायिक करते. आसन घालून, मुहपत्ती बांधून, वाळूची घडी समोर ठेवून अठ्ठेचाळीस मिनिटं बसते. तेव्हा घर कसं वागतं ते पाहण्यासारखं असतं. नात पावलं न वाजवता जाते. दूधवाल्याला माझा मुलगा सामोरा जातो. फोन आला तर ‘सामायिक में है’ एवढं सांगितलं की पलीकडचा माणूस माफी मागून ठेवतो. मीठ त्या दिवसांतही कधी राहतं, त्याचा उल्लेख होत नाही.

म्हणजे या घरात अठ्ठेचाळीस मिनिटं आहेत. सकाळच्याच वेळची, कामाच्याच गर्दीतली. दिवसरात्रीचे तीस मुहूर्त, त्यातला एक मुहूर्त म्हणजे दोन घडी, म्हणजे ही अठ्ठेचाळीस मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढ माणसांसाठी जी शिफारस केली ती आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची, जमेल तर ३०० पर्यंत, आणि स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम दोन दिवस. १५० मिनिटं म्हणजे किती? आठवड्याची तीन सामायिकं आणि वर सहा मिनिटं. आपल्या समाजातल्या बाईला हे गणित कुणी जड आहे म्हणून सांगू नये.

यावर आमच्या नात्यातल्या एका वृद्ध काकीजींनी मला अडवलं. त्यांचं म्हणणं, सामायिक आत्म्यासाठी असतं आणि चालणं देहासाठी, दोन्ही एका तराजूत घालू नकोस. त्यांचं खरं आहे. तासभर चालून कुणाचे कषाय कमी होत नाहीत. उलट कोठी रोडवर सकाळी फिरणारी मंडळी ज्या चवीने दुसऱ्यांच्या घरांची चर्चा करतात ती ऐकली तर वाढतही असतील. चालणं म्हणजे सामायिक असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की वेळ नाही, हे कारण खरं नाही. वेळ आहे, तो कशासाठी मागितला यावर तो मिळणं ठरतं. देवासाठी मागितला तर मिळतो, मुलांसाठी मागितला तर मिळतो, बँकेसाठी तर मागावाही लागत नाही. स्वतःच्या हाडामांसासाठी मागितला की घराच्या कपाळाला अगदी बारीकशी आठी पडते.

ही आठी कुठून येते, याचा मी बराच विचार केला आणि मला ती आपल्या भाषेतच सापडली. बाईचं कौतुक करायला मराठीत ‘झिजली’ यापेक्षा मोठा शब्द नाही. संसारासाठी झिजली, मुलांसाठी झिजली, चंदनासारखी झिजली. शोकसभेत कुणी उभं राहून हे वाक्य बोललं नाही तर त्या बाईचं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. पुरुष राबतो, कमावतो, नाव करतो, बाई झिजते. आणि पन्नाशीला हाडांच्या डॉक्टरकडे गेलं की तो एक्स-रे उजेडावर धरून हाच शब्द वापरतो : गुडघ्यात झीज आहे. मला त्या वेळी नेहमी वाटतं, एकाच शब्दाने एकीकडे हार घालायचे आणि दुसरीकडे ऑपरेशनची तारीख द्यायची, हे फक्त आपल्यालाच जमतं. जिचं मोठेपण झिजण्यात आहे तिने न झिजण्याची खटपट केली तर ते मोठेपण नाकारल्यासारखंच होतं. आठीचं मूळ तिथे आहे. कुणी दुष्ट नाही. चंदनाने सहाणेवरून अर्धा तास सुट्टी मागितली तर लोक बिचकणारच.

आपल्या समाजात याला आणखी एक पदर आहे. देहाची आसक्ती नको, हे आपण लहानपणापासून ऐकतो. काउसग्ग करायला उभे राहतो तेव्हा देहाचं ममत्व सोडण्याचाच अभ्यास करतो. मग त्याच देहाला रोज चालवा, ताणा, वजनं उचलायला लावा, हा त्या शिकवणीशी द्रोह नाही का? हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आरशासमोर उभं राहून दंड फुगवणाऱ्या मुलांना पाहिलं की मलाही वाटतं, हे मोहनीय कर्माचंच दुकान आहे. पण ममत्व सोडणं आणि हेळसांड करणं एक नव्हे. ज्या देहाबद्दल खरंच ममत्व नाही, त्याच्याकडून चार डबे, दोन शिफ्टा आणि सणावाराचं जेवण वसूल करायचा हक्कही कुणाला नसावा. आपल्याकडे होतं असं की देह वापरायला सगळ्यांना हवा असतो, फक्त त्याची देखभाल आली की तो नश्वर ठरतो.

कालिदास आमच्या उज्जैनचा म्हणवला जातो, म्हणून त्याचं उदाहरण देते. शरीर हेच धर्माचं पहिलं साधन, हे त्याचं वचन आखाड्यांच्या आणि जिमच्या भिंतींवर रंगवलेलं असतं. खाली बहुधा पिळदार पुरुषाचं चित्र. मूळ ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात ते वाक्य एका बाईला उद्देशून आहे. पार्वती तप करून करून वाळली आहे आणि ब्रह्मचाऱ्याच्या वेषात आलेला शिव तिची विचारपूस करतो आहे, तुझ्या शक्तीला झेपेल एवढंच करते आहेस ना, या अर्थाची. त्या विचारपुशीत हे वाक्य येतं. म्हणजे हे वचन मुळात जास्त झिजणाऱ्या बाईला घातलेला आवर आहे. भिंतीवर ते पुरुषांच्या वाट्याला कसं गेलं, कोण जाणे.

आणि चालण्याला कमी लेखणाऱ्यांनी आपल्या महासतीजींकडे पाहावं. चातुर्मासाचे चार महिने सोडले तर त्या गावोगाव पायीच असतात. अनवाणी, आपलं सामान आपणच वाहून, उन्हाच्या आधी निघून. पुढच्या चार हात जमिनीवर नजर, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. सत्तरीच्या महासतीजी माझ्या चाळिशीच्या जावांपेक्षा ताठ बसतात. त्या व्यायाम म्हणून चालत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण देहाला चालतं ठेवल्याने वैराग्यात उणेपण येतं, असं त्यांच्याकडे पाहून कुणाला म्हणता येईल का? (ओल्या गवतावर चालू नये, जीव मरतात, ही काकीजींची दुसरी हरकत मात्र मी पूर्ण मान्य करते. रस्त्याने चालावं.)

रस्त्याचं निघालंच म्हणून सांगते. भैरवगढला बाईने पहाटे एकटीने चालणं पूर्वीही सोपं नव्हतं, आता तर अवघडच. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक खुलं झालं, आणि महाकालाला आलेला माणूस काळभैरवाला आल्याशिवाय परत जात नाही. उजाडायच्या आत ई-रिक्षा, गाड्या, रांगा. काळभैरवाला दारूचा नैवेद्य असतो, त्यामुळे टोपल्यांत फुलं, नारळ आणि बाटल्या शेजारी शेजारी. त्यात आता २०२८च्या सिंहस्थाची तयारी. सून म्हणाली, ‘‘मम्मीजी, चालण्यापेक्षा चुकवणंच जास्त होतं.’’ तेव्हा व्यायामाचा प्रश्न घराच्या उंबऱ्याशीच संपत नाही, तो नगरपालिकेच्या फुटपाथपर्यंत जातो. अण्णासाहेब कर्वे हिंगण्याहून पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला पायी जात आणि पायी परत येत. नोकरीच्या वेळात व्यायाम कसा बसवावा हा प्रश्नच त्यांना पडला नसेल, कारण नोकरीचा रस्ता हाच व्यायाम होता. १०४ वर्षं जगले. पण त्या रस्त्यावर मोटारी नव्हत्या, घरी गेल्यावर पोळ्याही लाटायच्या नव्हत्या.

‘दिवसभर काम तर करतोच, वेगळा व्यायाम कशाला’ हा मुद्दा बायकांचा आणि कष्टकऱ्यांचा समान आहे. आमच्या गल्लीपलीकडे छापाचे कारखाने आहेत, छिप्यांची घरं. चुलीवर मेण वितळत ठेवलेलं, ते गरम मेण ब्रशने किंवा ठप्प्याने कापडावर घ्यायचं, कापड रंगात बुडवायचं, वाळवायचं, दुसऱ्या रंगासाठी पुन्हा मेण, आणि शेवटी उकळत्या पाण्यात घालून सगळं मेण उतरवायचं. भिजलेलं कापड किती जड होतं ते बायकांना सांगायला नको. एका कारागिराला मी विचारलं तर तो हसून म्हणाला, ‘‘बहनजी, हमारी तो दिनभर कसरत ही है.’’ आणि हसता हसता त्याने कमरेवर हात ठेवला होता.

या मुद्द्यावर शास्त्र दोन्ही बाजूंनी बोलतं. १९५३ साली डॉक्टर मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करणारा. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. (पुढे गणवेशाची मापं तपासली तेव्हा ड्रायव्हर कमरेने आधीपासूनच जाड होते असंही दिसलं. संशोधक मंडळी शिंप्याच्या वहीपर्यंत पोचतात याचं मला फार कौतुक वाटलं.) म्हणजे कामातली हालचाल उपयोगी पडते. पण अलीकडे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दाखवलं की जड कष्टाची नोकरी करणाऱ्यांना त्या कष्टाचा हृदयासाठी तसा फायदा होताना दिसत नाही, जसा फावल्या वेळातल्या व्यायामाचा होतो. कारणंही त्यांनी दिली आहेत : कामातली हालचाल तासन्‌तास एकाच प्रकारची, एकाच अंगावर, मध्ये थांबणं आपल्या हातात नाही, आणि दमल्यावर विसावा नाही. व्यायामात माणूस दमतो आणि थांबतो. कामात दमतो आणि चालू ठेवतो.

हे वाचलं तेव्हा मला पोळ्या आठवल्या. तीस वर्षं रोज ओट्याशी उभी राहून लाटलेल्या पोळ्या. उजवा खांदा पुढे, मान खाली, वजन एका पायावर. याला हालचाल म्हणायचं तर म्हणा. पण या हालचालीतली एकही माझ्या शरीराच्या गरजेने ठरलेली नव्हती. ती कणकेच्या आणि माणसांच्या संख्येच्या गरजेने ठरलेली होती. चालायला निघाले की निदान पाय माझ्या गतीने पडतात. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, पाळी गेल्यावर हाडांची ताकद भराभर उतरते, म्हणून डॉक्टर वजनं उचला म्हणतात. त्यासाठी गव्हाचा डबा सरकवणं पुरत नाही. तो आपण नेहमी एकाच बाजूने, वाकून आणि घाईत सरकवतो.

आता मुख्य अडचणीकडे येते. स्वार्थाचा आरोप मी झटकून टाकला तरी त्यातला एक कण खरा उरतोच. अर्धा तास आकाशातून पडत नाही. सून चालायला गेली तर तो अर्धा तास कुणीतरी देतं. कोण देतं, हे पाहिल्याशिवाय ‘बायकांनी स्वतःसाठी वेळ काढलाच पाहिजे’ ही भाषणं मला पोकळ वाटतात. सरकारच्या वेळ-वापर पाहणीत २०१९ साली घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या आणि ती कामं करणारे पुरुष ९७. २०२४च्या पाहणीत बायका २८९ आणि पुरुष ८८. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली, हे वाचून मी आनंद करणार तोच पुरुषांची नऊ कमी झालेली दिसली. दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, २०२२ सालच्या स्थितीत, पुरेशी हालचाल न करणाऱ्या भारतीय बायका ५७ टक्के आणि पुरुष ४२ टक्के आहेत. दिवसाला पाच तास घरात राबणारी बाई ‘हालचाल कमी’ या रकान्यात जास्त संख्येने सापडते, यावरून त्या राबण्याचा दर्जा कळावा.

आमचे हे निवृत्त होईपर्यंत सकाळी सहाला स्कूटरने कोठी रोडवर फिरायला जात. वीस वर्षं. चालण्यासाठी स्कूटरने जायचं, हा विनोद मी रोज केला, त्यांनी रोज ऐकला. परत आले की चहा तयार असे. त्यांचा तो तास कुणी दिला हे कुणाच्या मनात आलं नाही, त्यांच्याही नाही. पुरुषाचा व्यायाम हा शिस्तीत जमा होतो, बाईचा हौसेत. यावर मी त्यांच्याशी भांडले नाही; त्यांची तब्येत चांगली राहिली याचा फायदा मलाच झाला. मी एवढंच म्हटलं की तुमच्या वीस वर्षांतल्या चहांच्या बदल्यात नातीची वेणी आणि व्हॅन तुमची. वेणी त्यांना येत नव्हती. आता येते, जरा सैल होते.

मुलाने दोन डबे घेतले. तो उपमा आणि पराठा एवढंच करतो, म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार नात शाळेत उपमा-पराठा नेते आणि तिची तक्रार नाही. सून त्या तीन दिवशी आमच्या गच्चीवर चालते, रस्ता सोडून दिला. गच्ची लहान आहे, वळायला फार लागतं, पण बाटल्या चुकवाव्या लागत नाहीत. दोन दिवस ती बँकेतून आल्यावर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलून खांद्याचे व्यायाम करते आणि नात मोजते. रात्रीचं जेवण आधीच उरकलेलं असल्यामुळे चौविहाराचा इथे अनपेक्षित उपयोग होतो : पोट हलकं असतं आणि स्वयंपाकघर बंद असतं. साखरेचा पुढचा रिपोर्ट दिवाळीनंतर.

एवढं सगळं घरातल्या घरात करावं लागतं याचं मात्र मला वाईट वाटतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले, मुलांसाठी आणि मुलींसाठीही. राजाचा हट्ट म्हणून काही लोक हसले असतील. पण त्यात एक शहाणपण होतं. व्यायाम शाळेच्या तासात बसला की कुणा मुलीला घरी परवानगी मागावी लागत नाही. जपानमध्ये १९२८ पासून रेडिओवर व्यायाम चालतात आणि कित्येक कारखान्यांत, कचेऱ्यांत कामाच्या वेळेतच सगळे उभे राहून ते करतात. बँकेने पाच वाजता काउंटर बंद झाल्यावर पंधरा मिनिटं असं केलं तर काय बिघडेल? सुनेने हे सुचवलं तेव्हा तिच्या सहकाऱ्यांनी विचारलं, लक्ष्य पूर्ण झालं का. आमच्या मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ केलं, उज्जैनच्या योगेश मालवीय यांना त्यासाठी २०२० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कारही मिळाला. इथल्या मुली दोरीवर अशा उलट्या लटकतात की पाहणाऱ्याचा जीव खालीवर होतो. त्या पोरींना पाहिलं की मी मनात हिशोब करते, पंधरा वर्षांनी यांच्या सकाळी कुणाच्या नावावर असतील.

एक जागा राहिली, आणि ती मला सगळ्यात अवघड वाटते. सुनेचं चालणं पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा सगळ्यांनी सुचवलेला सोपा उपाय होता : कामवाल्या बाईला अर्धा तास लवकर बोलवा, दोनशे रुपये वाढवा. बहुतेक घरांत हेच होतं. आपण योगासनांच्या वर्गाला जातो तेव्हा आपल्या घरी कुणीतरी वाकून फरशी पुसत असतं. मी त्या बाईला विचारलं. ती सहा घरं करते. अर्धा तास लवकर यायचं तर तिला तिच्या मुलीला उठवून, तयार न करता, निघावं लागलं असतं. ती हो म्हणाली, कारण दोनशे रुपयांना ती नाही म्हणू शकत नाही. म्हणजे माझ्या सुनेचा अर्धा तास शेवटी त्या आठ वर्षांच्या मुलीच्या वेणीतून आला असता. मी तिला लवकर बोलावलं नाही आणि पैसे वाढवले. घरात यावर कुजबुज झाली, काम तेवढंच आणि पैसे जास्त, हा कुठला हिशोब. मी म्हटलं, माझा.

तिचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत आणि ती माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे. तिला चालायला जा म्हणणं मला जमलं नाही. आता महिन्यातले दोन रविवार तिला पगारी सुट्टी असते. एकदा विचारलं, सुट्टीत काय करतेस. म्हणाली, ‘‘सोती हूँ, आंटीजी. चटाई पर, बिना तकिये के. कमर सीधी हो जाती है.’’